गाईच्या कोटीपोटातली पन्नी आणि समुद्रावरचा अल्बट्रॉस

मॅडम, तुम्ही वर्गात अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या मेलेल्या, पोटात प्लास्टिक भरलेल्या पिल्लाचा फोटो दाखवला आणि तो बघून सातवीच्या मुलांनी तीन प्रश्न विचारले, असं तुम्ही लिहिलंय. हे प्लास्टिक आहे हे पक्ष्याला कळत नाही का? पोटात गेलंच, तर ते शीवाटे निघून का जात नाही? आणि आपल्या गावातली पन्नी समुद्रात जाते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पुस्तकात सापडली नाहीत, आणि तिसऱ्याला "हो, जाते" म्हणून तुम्ही वेळ निभावली.

मी समुद्राचा अभ्यासक नाही. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यात ढोरांचा डॉक्टर म्हणून काम करतोय. हिवाळ्यात रविवारी धरणांवर पक्षी बघायला जातो आणि त्या ओढीनं समुद्रपक्ष्यांवरचं बरंच वाचलंय. पण या विषयावर बोलायचा माझा खरा अधिकार एवढाच, की प्लास्टिकनं भरलेली पोटं मी माझ्या हातांनी उघडली आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तुमच्या मुलांनी अल्बट्रॉस पाहिलेला नाही, गाय रोज पाहतात.

मागच्या वैशाखात एका गावातून फोन आला. "डॉक्टरसाहेब, चार दिस झाले, गाय रवंथच नाही करून राहिली जी." गेलो. गवळाऊ गाय, सहा वर्षांची, पाच महिन्यांची गाभण. डावी कूस टम्म फुगलेली आणि बाकी अंगाचा सापळा. निरोगी गाईच्या डाव्या कुशीवर मूठ दाबली की आतलं कोटीपोट, म्हणजे तिचं पहिलं आणि सगळ्यात मोठं पोट, मळलेल्या कणकेसारखं लागतं आणि मिनिटाला एक-दोनदा आतून लाट येते. इथं मुठीला ओल्या गादीसारखं काहीतरी घट्ट लागत होतं आणि लाट येतच नव्हती. गाय उभी ठेवूनच कूस बधिर केली, चीर दिली, कोटीपोटात खांद्यापर्यंत हात घातला. आत दोरखंडासारखा पिळलेला एकच गोळा होता. तो तुकड्या-तुकड्यानं बाहेर काढायला तासभर लागला. धान्याच्या काट्यावर ठेवला तर २३ किलो भरला.

त्यात काय होतं ते मुलांना जरूर सांगा. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटायच्या पन्न्या सगळ्यात जास्त. मग बाजाराच्या काळ्या पिशव्या, गाठ मारलेल्या तशाच. पाण्याचे पाऊच, दुधाच्या पिशव्या, युरियाच्या चुंगडीचे धागे, वावरात अंथरायच्या मल्चिंग पेपरच्या (तोही प्लास्टिकच) लांब पट्ट्या, नायलॉनच्या सुतळ्या. मालक बाजूला उभा राहून म्हणत होता, "म्या तर तिले कधी पन्नी चारली नाही जी." खरंच होतं त्याचं. त्यानं चारली नव्हती. ती गावानं उकिरड्यावर टाकली होती आणि वैशाखात वावरात हिरवं पातं नसताना गाय तिथं गेली होती.

गाय वाचली, भादव्यात तिला कालवड झाली. सगळ्याच वाचत नाहीत. पोट ताणलं गेलं की "भरलं" असा निरोप मेंदूला जातो. पोट चाऱ्यानं ताणलंय की पन्नीनं, हे त्या निरोपात नसतं. म्हणून भूक लागत नाही, खाल्लेलं पुढं सरकत नाही, आणि जनावर भरल्या पोटी उपाशी मरतं. समुद्रपक्ष्याचं मरण समजून घ्यायला हे एवढं नीट कळलं की अर्धं काम झालं.

आता मुलांचा पहिला प्रश्न. गाय पन्नी का खाते? गाय ओठांनी निवडत नाही. जिभेनं वेटाळून घास ओढते, गिळते, आणि मग निवांत बसून रवंथ करते. पन्नीत आदल्या रात्रीचा वरण-भात असतो, मीठ असतं, लोणच्याचं तेल असतं. खाण्याचा वास आला म्हणजे आत खाणं आहे, हा नियम हजारो वर्षं खरा ठरत आलाय. गाय मूर्ख नाही. नियम तिचा बरोबर आहे, वस्तू खोटी आहे.

अल्बट्रॉसचंही नेमकं हेच होतं. अल्बट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर हे चोचीवर नळ्या असलेले पक्षी वासावर शिकार शोधतात. समुद्रात सूक्ष्म शेवाळ असतं. कोळंबीसारखे बारके जीव ते खायला लागले की त्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. पक्ष्याच्या नाकाला तो वास म्हणजे "इथं पंगत बसली आहे" असा सांगावा. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी प्लास्टिकचे मणी काही आठवडे समुद्रात ठेवले आणि बाहेर काढून तपासले, तर त्यांना तोच वास चिकटलेला निघाला. कारण पाण्यात पडलेल्या प्लास्टिकवर शेवाळाचा थर चढतो. जे पक्षी या वासामागे जातात त्यांच्यात प्लास्टिक खाण्याचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळलं. उकिरड्यावरच्या पिशवीतलं वरण आणि समुद्रातल्या झाकणावरचं शेवाळ, दोन्हींचं काम एकच.

दुसरी गोष्ट मला त्याहून वाईट वाटते. उडणारे मासे आपली अंडी पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूंना चिकटवतात. पूर्वी ते लाकडाचे ओंडके असत, समुद्री वनस्पती असत, पक्ष्यांची पिसंही असत. अल्बट्रॉसला ही अंडी फार आवडतात आणि तो ती ज्याला चिकटली आहेत त्या वस्तूसकट गिळतो. लाकडाचा तुकडा किंवा पीस पोटात गेलं तरी पिल्लू ते पुढं ओकून टाकू शकतं. आता तरंगणारी वस्तू म्हणजे लायटर, झाकण, टूथब्रश. अंडी खरी असतात, म्हणजे पक्ष्याचं चुकलेलंही नसतं. आणि हे सगळं आई-बाप हजारो किलोमीटर उडून, पोटात साठवून घरट्यावर आणतात आणि पिल्लाच्या चोचीत ओततात. तुम्ही दाखवलेल्या फोटोतल्या पिल्लानं आयुष्यात समुद्राला चोच लावलेली नव्हती. त्याच्या पोटातलं प्रत्येक झाकण त्याला मायेनं भरवलेलं होतं. मुलांना हे सांगताना थोडं थांबून सांगा.

दुसऱ्या प्रश्नासाठी कोंबडी घ्या. चिकनच्या दुकानात ज्याला पोटा म्हणतात तो जाड मांसल गोळा म्हणजे पेषणी. पक्ष्याला दात नाहीत, दळायचं काम पेषणी करते. तिच्या आधी एक मऊ पिशवी असते, तिच्या भिंतीत पाचकरस सोडणाऱ्या ग्रंथी असतात. म्हणजे आधी रस, मग दळण, आणि मग पेषणीतून आतड्याकडे जाणारं अगदी अरुंद तोंड. दळून बारीक झालं तरच पुढं सोडायचं, अशी ती रचना आहे. मासा, झिंगा, माकूळ (स्क्विड) दळले जातात. प्लास्टिक दळलं जायला फार वेळ लागतो, तोवर ते तिथंच बसतं. शीवाटे का जात नाही, त्याचं उत्तर हे अरुंद तोंड. अल्बट्रॉसचं पिल्लू घरटं सोडण्याआधी न पचलेलं एकदा ओकून टाकतं, माकुळाच्या चोची वगैरे. त्यात प्लास्टिकही पडतं. पण ते ओकायच्या वयापर्यंत पोचावं लागतं. शिअरवॉटर आणि छोट्या पेट्रेल पक्ष्यांच्या पोटाच्या दोन भागांमधली वाटही चिंचोळी असते, त्यामुळं पेषणीत पोचलेलं उलटं वर आणणं त्यांना जड जातं.

किती प्लास्टिक म्हणजे जीवघेणं? यावर २०१९ साली ऑस्ट्रेलियातून एक चांगला अभ्यास आला. ५१ जातींचे १,७३३ मेलेले समुद्रपक्षी उघडून पाहिले. पोटात एक तुकडा असेल तर त्यामुळं मरण्याची शक्यता साधारण २० टक्के, ९ तुकडे असतील तर ५० टक्के, ९३ झाले की मरण जवळजवळ ठरलेलं. आणि फुग्यांचे मऊ तुकडे कडक प्लास्टिकपेक्षा ३२ पट जास्त घातक ठरले. हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. कडक तुकडा एका जागी पडून राहतो, कधी पुढं सरकतोही. मऊ वस्तू ओल्या कापडासारखी तोंडावर चिकटते, पीळ घेते, मागून येणाऱ्याला अडकवून धरते. गाईच्या पोटातही बादलीचा तुटका तुकडा मी वर्षानुवर्षं निरुपद्रवी पडलेला पाहिलाय. जीव घेते ती पन्नी. शाळेत वाढदिवसाला फुगे लावत असाल, तर तेवढं एक बंद करता आलं तर बघा.

सगळंच मरण पोट बुजून येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हॉव नावाचं बेट आहे. तिथल्या शिअरवॉटर पिल्लांच्या पोटाचा तो पहिला मऊ भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तर जागोजागी जखमा भरून राहिलेले व्रण आणि नाहीशा झालेल्या पाचकग्रंथी दिसल्या. २०२३ साली या विकाराला प्लास्टिकोसिस असं नाव मिळालं. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसाला सिलिकोसिस होतो, त्या धर्तीवर. धुळीचा कण जसा फुप्फुसाला रोज ओरखडतो, तसा प्लास्टिकचा तुकडा पोटाला. व्रण झालेल्या जागी रस सुटत नाही, पोट ताणायचं तितकं ताणत नाही. असं पिल्लू वरून धडधाकट दिसतं, उडतंही, आणि समुद्रावर गेल्यावर खाल्लेलं अंगी लागत नाही. अशा पिल्लांची मोजदाद कुठल्याच यादीत होत नाही.

याच पक्ष्यांच्या पोटात तेलही साठतं. खाल्लेल्या माशांचं तेल ते पिल्लासाठी राखून ठेवतात. प्लास्टिकमध्ये मऊपणासाठी, रंगासाठी, पेट घेऊ नये म्हणून जी रसायनं मिसळलेली असतात, त्यांतली बरीचशी पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. डीडीटीसारखी जुनी विषंसुद्धा समुद्राच्या पाण्यातून प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ओढली जातात. पुढचं मी न सांगता तुमच्या मुलांना कळेल. खर्र्याच्या पन्नीत तंबाखूबरोबर काय घोटलं जातं, हा प्रश्न त्यांनी घरी विचारला तर मला आनंदच होईल.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण विज्ञान प्रदर्शनात फलक लावणार आहात. "दरवर्षी १० लाख समुद्रपक्षी प्लास्टिकनं मरतात" हे वाक्य सगळीकडे दिसतं, पण त्यामागे तसा मोजून केलेला पक्का अभ्यास नाही. ते लिहू नका. "२०५० पर्यंत समुद्रात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त असेल" हेही नको. समुद्रात मासे किती आहेत याचाच अंदाज फार ढिला आहे. "२०५० पर्यंत ९९ टक्के समुद्रपक्षी मरतील" असं तर कुणी म्हटलेलंच नाही. २०१५ च्या त्या अभ्यासात १८६ जातींचं गणित मांडलं होतं, आणि ९९ टक्के जातींच्या पक्ष्यांच्या पोटात प्लास्टिक सापडेल असा अंदाज दिला होता. सापडणं आणि मरणं यांत फरक आहे. प्लास्टिक हे समुद्रपक्ष्यांचं एकमेव संकट नाही, सगळ्यात मोठंही नाही. मासेमारीचे लांब दोरीचे गळ, बेटांवर माणसांबरोबर पोचलेले उंदीर आणि मांजरं, तापत चाललेला समुद्र यांनी जास्त मारले आहेत. पण ज्या पक्ष्याला वर्षाला एकच अंडं घालायचं असतं आणि वयात यायला सात-आठ वर्षं लागतात, त्याला वरून आणखी एक ओझं पेलत नाही. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरच्या विझडम नावाच्या लेसन अल्बट्रॉस मादीची गोष्ट ऐका. १९५६ साली तिच्या पायात कडं घातलं, तेव्हाच ती वयात आलेली होती. २०२४ च्या हिवाळ्यातही तिनं अंडं घातलं. सत्तरी ओलांडलेला पक्षी! मिडवेच्याच बेटसाखळीत १९६०च्या दशकात अल्बट्रॉस पिल्लांच्या पोटात पहिल्यांदा प्लास्टिक नोंदलं गेलं. म्हणजे या एका मादीच्या आयुष्यात हे सगळं घडलंय.

समुद्राच्या बाकी घडीवर होणारा परिणाम मी पक्ष्यांच्या अंगानंच सांगतो. आपल्याकडे वावराला शेणखत लागतं, तसं बेटांना समुद्रपक्ष्यांची विष्ठा लागते. हे पक्षी भर समुद्रातले मासे खातात आणि बेटावर येऊन शिटतात. पाऊस पडला की ते खत वाहत प्रवाळांपर्यंत जातं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर हे मोजलं गेलं, २०१८ साली. जिथं उंदीर नव्हते तिथं पक्षी भरपूर, आणि त्या बेटांभोवतीचे मासेही भराभर वाढणारे, जास्त वजनाचे. जिथं उंदरांनी पक्षी संपवले, तिथं समुद्रही रोडावलेला. पक्षी कमी होणं म्हणजे वावराचं शेणखत बंद होणं. प्लास्टिक हे त्याच दुबळ्या जागी घाव घालतं.

प्रवाळांवर घाव तर थेट आहे. आशिया-प्रशांत भागातल्या १५९ प्रवाळभित्ती तपासल्यावर, २०१८ मध्येच, असं दिसलं की प्लास्टिक अडकलेलं नसेल तर प्रवाळाला रोग असण्याची शक्यता ४ टक्के, अडकलेलं असेल तर ८९ टक्के. पन्नी वर बसली की खालचा उजेड आणि हवा अडते, खरचटतं, आणि त्या जखमेत रोगजंतू शिरतात. पायाला घट्ट दावं बांधून ठेवलेल्या बैलाच्या घोट्याचं काय होतं ते शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. अगदी तळाशी, जे बारके जीव शेवाळ खाऊन जगतात आणि ज्यांच्यावर मासे जगतात, ते सूक्ष्म प्लास्टिकचे कण खातात. प्रयोगशाळेत दिसलंय की अशा जीवांच्या लेंड्या हलक्या होतात आणि सावकाश बुडतात. याच लेंड्यांबरोबर वरचा कार्बन समुद्राच्या तळाशी जाऊन बसतो, म्हणून एवढ्याशा लेंडीचा वेगही महत्त्वाचा.

आणि जाळी. हरवलेलं किंवा टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं मासे धरणं थांबवत नाही. धरलेला मासा सडतो, त्याला खायला दुसरे येतात, तेही अडकतात. कासव हे फुप्फुसानं श्वास घेणारं जनावर, जाळ्यात अडकून वर येता आलं नाही की बुडून मरतं. वेल्सच्या ग्रासहोम बेटावर गॅनेट पक्षी समुद्रात तरंगणाऱ्या दोरांची घरटी बांधतात आणि पिल्लांच्या पायांना त्याचे फास बसतात. बाकीची उडून जातात, ही तिथंच लटकतात, म्हणून हंगाम संपला की माणसं जाऊन त्यांना कापून सोडवतात. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या भागातलं चिंचेच्या झाडावरचं सारंगागार आठवलं, बगळ्यांची वसाहत. तिथं एक पिल्लू पतंगाच्या नायलॉन मांजात टांगलेलं होतं. शिडी लावून मी वर पोचलो तोवर पाय काळा पडला होता. कापावा लागला. ते जगलं नाही.

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी एवढं लांबण लावलं. आपली पन्नी समुद्रात जाते का?

नकाशा काढा आणि मुलांना मुलताई दाखवा. बैतूल जिल्ह्यात, आपल्या वरच्या अंगाला. त्याच पठारावर तापी उगम पावते आणि त्याच तालुक्यात आपली वर्धाही. तापी पश्चिमेला जाते, वाटेत अमरावती, अकोला, बुलडाण्याचं पाणी घेऊन आलेली पूर्णा तिला मिळते, आणि सुरतेजवळ ती अरबी समुद्रात उतरते. वर्धा दक्षिणेला येते, तिला पैनगंगा मिळते, पुढं वैनगंगेला भेटून दोघींची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेत जाते, म्हणजे तीही याच वाटेवर. विदर्भाला समुद्र नाही, पण विदर्भाचं पाणी दोन समुद्रांना जातं.

पाणी जातं म्हणून पन्नी जातेच असं मात्र नाही. वर्धेवर मोर्शीजवळ मोठं धरण आहे, वैनगंगेवर गोसेखुर्द आहे, सिरोंच्यापाशी मेडीगड्ड्याचा बंधारा आहे. बरीच पन्नी गाळात रुतते, काठावर राहते. २०२१ साली जगातल्या नद्यांचं गणित मांडलं गेलं, त्यात समुद्रात जाणाऱ्या नदीप्रवाही प्लास्टिकपैकी ८० टक्के हजाराहून थोड्या अधिक नद्यांमधून जातं असं निघालं, आणि त्यातही किनाऱ्यालगतच्या शहरांतल्या छोट्या नद्यांचा वाटा मोठा. आतल्या मुलुखातून येणाऱ्या लांब नदीत प्लास्टिक वाटेतच जास्त अडकतं. म्हणून "मिडवेच्या पिल्लाच्या पोटातलं झाकण आपण टाकलं होतं" असं मुलांना सांगू नका. ते खरं नाही. मिडवे प्रशांत महासागरात आहे.

पण पूर आला की हिशेब बदलतो. वर्धेचा पूर ओसरल्यावर काठच्या बाभळी बघा. फांद्यांना पन्न्या लटकलेल्या असतात. यंदा पाणी कुठवर चढलं होतं हे आता लोक त्या पन्न्यांवरून सांगतात. अडकल्या तेवढ्या दिसतात, पुढं गेल्या त्या नाही. दोन वर्षांपूर्वी मी काकीनाड्याजवळ कोरिंगाला गेलो होतो, गोदावरीची एक शाखा जिथं खारफुटीत शिरते तिथं. खारफुटीची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात, झाड त्यांतूनच श्वास घेतं. त्या बोटांना पन्न्यांची वेष्टणं बसली होती. त्या कुठल्या गावच्या, हे कुणी सांगू शकणार नाही. समोर होप आयलंडच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, चिखलावर कुरव आणि सुरय उतरतात. तपकिरी डोक्याचे कुरव मी हिवाळ्यात आपल्या धरणावरही पाहतो. लडाख-तिबेटच्या सरोवरांवर जन्मलेला हा पक्षी एकाच हिवाळ्यात आपलं तळं आणि त्यांचा समुद्र दोन्ही वापरू शकतो. आपलं पाणी आणि आपला पाहुणा, दोन्ही एकाच जागी जातात, मग समुद्र लांब आहे असं मी तरी कसं म्हणू?

आणि जी पन्नी समुद्रात जात नाही ती कुठं असते? आपल्याच वावरात. मिरची-टरबुजाला अंथरलेला मल्चिंग पेपर पीक निघाल्यावर काढायला मजुरी लागते म्हणून तसाच वखरला जातो. पंचवीस-तीस मायक्रॉनचा कागद, दोन हंगामांत त्याच्या चिंध्या होतात, मग चिंध्यांचे कण. मी शेतकऱ्यांना एवढंच सांगतो की पेपर उन्हानं ठिसूळ व्हायच्या आधी, पीक निघाल्या निघाल्या गुंडाळा. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला घेतो, त्या धुऱ्यावर टाकू नका. फवारणीचे डबे तीनदा विसळून, ते पाणी पंपातच टाकून, भोक पाडून वेगळे ठेवा. जाळू तर काहीच नका. आणि बायाबापड्यांना हात जोडून सांगतो, शिळं अन्न पन्नीत बांधून फेकू नका, ढोराला घालायचं तर टोपल्यात घाला. राज्यात पातळ पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून देशभर अनेक एकदाच वापरायच्या वस्तूंवरही आहे. आठवडी बाजारात मात्र अजून मिळतात. लग्नाच्या पंगतीत मात्र बदल मी स्वतः पाहिलाय. गडचिरोली, गोंदियाकडून पळसाच्या पत्रावळी पुन्हा यायला लागल्या आहेत, आणि त्या गाईनं खाल्ल्या तर पचतात.

बदल मोजता येतो, हेही मुलांना कळू द्या. युरोपात उत्तर समुद्राच्या काठी वाहून आलेल्या फुल्मार पक्ष्यांची पोटं वर्षानुवर्षं तपासली जातात. १०० पैकी १० हून जास्त पक्ष्यांच्या पोटात ०.१ ग्रॅमपेक्षा अधिक प्लास्टिक नको, असं तिथल्या देशांनी ठरवलंय. अजून ते गाठलेलं नाही. पण कारखान्यांत वापरतात ते प्लास्टिकचे कच्चे दाणे या पोटांमध्ये १९८०च्या दशकापेक्षा बरेच कमी सापडतात, कारण ते सांडू नयेत याची काळजी घेतली जाऊ लागली. आपल्या बाजूला मात्र तेच दाणे मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळालं तेव्हा श्रीलंकेच्या किनाऱ्यावर ढिगांनी आले, आणि मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं तेव्हा केरळच्या.

प्रदर्शनासाठी माझ्या मनात एक आहे. शाळेच्या फाटकापासून एसटीच्या थांब्यापर्यंत मुलांनी खर्र्याच्या पन्न्या मोजाव्यात, फक्त मोजाव्यात, आणि आकडा गावाच्या फळ्यावर लिहावा. पुढच्या महिन्यात तोच रस्ता, पुन्हा मोजणी. पूर ओसरला की काठावरच्या एखाद्या बाभळीला सगळ्यात वरची पन्नी किती उंचीवर आहे ते दोरीनं मोजून ठेवा.

आणि त्या गवळाऊ गाईच्या पोटातला गोळा मी फेकलेला नाही. धुऊन, दवाखान्याच्या छतावर महिनाभर वाळवून ठेवलाय. वाळल्यावर सहा किलो राहिला, बाकीचं पाणी आणि सडलेला चारा होता. पुढच्या महिन्यात लाळ्या-खुरकुताची लस टोचायला तुमच्या गावी येतोय, तेव्हा तो घेऊन येतो. मुलांना तो सोडवू द्या, एकेक पन्नी सुटी करून जमिनीवर मांडू द्या. हातमोजे मी आणतो. सुटा करायला दोन तास तरी लागतील, त्या दिवशीच्या शेवटच्या तासिका मोकळ्या ठेवा.